'मुले : १' – व्यसनमुक्ती केंद्रांच्या चालकांना आणि समुपदेशकांना खुले पत्र

राज्यातल्या व्यसनमुक्ती केंद्रांचे चालक, डॉक्टर आणि समुपदेशक ताई-दादांनो,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या हाताखालून दोनदा गेलेला माणूस आहे. पहिल्यांदा २०१४ मध्ये, आणि पाच महिन्यांत स्लिप झाल्यावर, म्हणजे पुन्हा प्यायला लागल्यावर, २०१५ मध्ये. त्यानंतर आजच्या दिवसापर्यंत प्यायलेलो नाही. माझं नाव लिहीत नाही, कारण दारू सोडलेल्यांच्या ज्या मीटिंगांना मी बसतो तिथली रीत तशी आहे. केंद्राचंही लिहीत नाही, कारण गोष्ट एका केंद्राची नाही. तिथल्या लोकांनी मला जगवलं, हे आधी सांगतो. मग जे खटकलं ते.

दाखल होताना एक फॉर्म भरावा लागतो. माझे हात पेन धरण्याच्या अवस्थेत नव्हते, म्हणून बायको भरत होती. कधीपासून पितात, रोज किती, सकाळी उठल्या उठल्या लागते का, फिट आली होती का, कावीळ झाली होती का, रक्ताची उलटी, कर्ज, पोलीस केस, आत्महत्येचा प्रयत्न. कुटुंबात आणखी कोणी पितं का? तिथे बायकोनं 'सासरे (मयत)' लिहिलं. त्याच्या खाली बोटभर रुंदीचा रकाना होता : मुले. तिनं '१' लिहिलं आणि फॉर्म पुढे सरकला.

तो '१' त्या वेळी टेबलाच्या पलीकडे आईची ओढणी धरून उभा होता. चार वर्षांची मुलगी. वॉचमननं तिला बिस्किटाचा पुडा दिला. तो सोडला तर त्या दिवशी तिच्याशी कोणी बोललं नाही, मीही नाही. माझी यकृताची तपासणी झाली, बायकोला जोडीदारांच्या गटाच्या वेळा सांगितल्या गेल्या, आणि त्या रकान्यातला आकडा घरी गेला.

मला त्या रकान्याबद्दल बोलायचं आहे. त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

माझा जन्म लालबागचा, १९७७ चा. वडील कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर. साच्यांच्या आवाजानं कान गेलेले, त्यामुळे घरात साधं बोलले तरी ओरडल्यासारखं वाटायचं. ते रागावलेले नाहीत, त्यांना ऐकू येत नाही एवढंच, हे मला मोठेपणी उमगलं. आई खानावळ चालवायची. गावाकडचे सहा-सात गडी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन पाळ्यांनी जेवायचे. वडील तेव्हाही प्यायचे, पण पगाराच्या रात्री, आणि आई सतत घरात असायची. चुलीशी असो, नळावर असो, हाकेच्या अंतरावर असायची.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढारी डॉक्टर दत्ता सामंत आहेत म्हणजे महिन्या-दोन महिन्यांत मिटेल, असं सगळे म्हणत होते. तो संप आजतागायत कोणी रीतसर मागे घेतलेला नाही. खानावळीचे गडी गावी गेले, तशी खानावळ बसली. आईनं दादरला चार घरची धुणीभांडी धरली. सकाळी सहाला जायची ती चारला यायची. धाकटा भाऊ दीड वर्षाचा होता, त्याला राजापूरकडे आजीजवळ नेऊन ठेवलं. आमच्या चाळीतून त्या वर्षी अशी किती पोरं एसटीत बसली असतील, देव जाणे. मी पाचाला टेकलो होतो, शाळेत घालायचं होतं, म्हणून मी राहिलो. वडिलांजवळ.

आणि वडील गुत्त्यावर.

इथे जे सांगणार आहे ते मला तुमच्या शेअरिंगमध्येही, सगळ्यांसमोर आपापली गोष्ट सांगायच्या त्या बैठकीतही, कधी नीट सांगता आलं नाही. लोक समजतात दारुड्याच्या पोराला गुत्त्याची भीती वाटत असेल. मला गुत्ता आवडायचा. तिथे वडील मला मांडीवर घ्यायचे. उकडलेले चणे एकेक करून भरवायचे. दोस्तांना सांगायचे, हा माझा वाघ. घरी, सकाळी, न प्यायलेले असताना तेच वडील भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे, आणि पाण्याचा तांब्या जरा आपटला तरी हात उगारायचे. माया हवी तर दारूच्या वासात मिळणार, आणि तीही तासाभराची, कारण पुढचा ग्लास पोटात गेला की तेच वडील पुन्हा अनोळखी. पाच वर्षांच्या पोरानं हे गणित कोणी न शिकवता सोडवलेलं होतं. सतराव्या वर्षी मित्रांनी पहिल्यांदा ग्लास पुढे केला तेव्हा बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली. मला तो वास ओळखीचा होता.

वडील सांगायचे, साचेखात्यात एकदम वीज गेली की जी शांतता होते तशी जगात दुसरीकडे कुठे नसते. पहिल्या घोटाला माझ्या डोक्यात तेच झालं. आत इतकी वर्षं काहीतरी खडखडत होतं, हेच मला ते थांबल्यावर कळलं.

मला आत घेतल्यावर तुम्ही शिकवलंत की दारूला कारण लागत नाही, निमित्त पुरतं. अगदी खरं आहे. शेअरिंगला बसलेला प्रत्येक जण बापावर, बायकोवर, बॉसवर बिल फाडतो. मीही वर्षभर बापावरच प्यालो. आमच्या सीनियर समुपदेशकांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "वडील वारून किती वर्षं झाली? आणि काल क्वार्टर कोणी आणून दिली?" मी गप्प बसलो. पिणाऱ्याला बालपणाची सबब देऊ नये, हे मला पूर्ण मान्य आहे. माझं म्हणणं वेगळ्या माणसाबद्दल आहे. जो अजून प्यायलेला नाही, ज्याचे दुधाचे दात पडायचे आहेत, त्याच्याबद्दल. माझ्यासाठी जी सबब आहे ती त्याच्यासाठी आगाऊ सूचना आहे, आणि ती सूचना तुमच्या टेबलावर रोज येते.

शुद्धीवर आल्यापासून या विषयावर हाती लागेल ते वाचत आलोय. त्यातलं जे टिकाऊ वाटलं तेवढंच सांगतो.

अमेरिकेत सॅन दिएगोला व्हिन्सेंट फेलिटी नावाचे डॉक्टर लठ्ठपणाचा दवाखाना चालवायचे. वजन छान उतरत असलेली माणसंच मध्येच उपचार सोडून जात होती. का, हे विचारता विचारता ते त्यांच्या बालपणापर्यंत पोचले. पुढे रॉबर्ट आंडा यांच्यासोबत त्यांनी १९९५ ते १९९७ या काळात सतरा हजारांवर माणसांना अठराव्या वर्षाच्या आतले अनुभव विचारले : मारहाण झाली का, आईला मारलेलं पाहिलं का, घरात दारुडा होता का, कोणी तुरुंगात गेलं का, मनोरुग्ण होतं का. ही विमा असलेली, बरी खाऊनपिऊन असलेली माणसं होती, झोपडपट्टीतली नव्हती. १९९८ मध्ये पहिले निष्कर्ष छापून आले. असे चार किंवा जास्त प्रकार ज्यांच्या वाट्याला आले होते त्यांच्यात, काहीच वाट्याला न आलेल्यांच्या तुलनेत, स्वतःला मद्यपी म्हणवणाऱ्यांचं प्रमाण सातपटीच्या आसपास होतं. मी माझी मोजणी केली. चार भरले. पाचवा धरावा की नाही यावर बायकोचं आणि माझं एकमत नाही.

याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवणं बरं नाही. हार्वर्डचे जॉर्ज व्हेलंट यांनी माणसांचा तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत पाठपुरावा केला आणि म्हटलं की दारुडा मागे वळून जे दुःखी बालपण सांगतो ते बऱ्याचदा दारूनंच रंगवलेलं असतं. खरा धागा घराण्यातल्या दारूचा. डेन्मार्कमध्ये डोनाल्ड गुडविन यांनी दत्तक गेलेले मुलगे पाहिले. जन्मदाते मद्यपी असलेले मुलगे परक्या घरात वाढूनही इतर दत्तकांपेक्षा सुमारे चौपट प्रमाणात मद्यपी झाले होते. म्हणजे रक्तातूनही येतंच. बंगळुरूला निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत डॉ. विवेक बेनेगल यांनी मद्यपींच्या मुलांचा, त्यांनी थेंबही घेतलेला नसताना, अभ्यास केला. त्यांच्या मेंदूच्या प्रतिसादात तेव्हाच फरक दिसला.

मग नातं महत्त्वाचं की रक्त? मला हा प्रश्नच फसवा वाटतो, आणि माकडांच्या एका प्रयोगानं माझ्यापुरता तो मिटवला. जे. डी. हिग्ली आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ऱ्हीसस माकडांची दोन टोळकी तपासली. एक आईजवळ वाढलेलं, दुसरं आईविना नुसत्या बरोबरीच्या पिल्लांत वाढलेलं. पुढे दोघांसमोर गोड केलेली दारू ठेवली. आईविना वाढलेली जास्त प्यायली. आणि आईजवळ वाढलेल्यांना सोबत्यांपासून तोडून एकटं ठेवलं, तेव्हा तीही जवळपास तेवढीच प्यायला लागली. माकडांना बेकारी नाही, संप नाही, बापावर बिल फाडायची सोय नाही. पोटाशी धरणारं कोणी असणं-नसणं एवढाच फरक.

तान्ह्या बाळाला स्वतःला शांत करता येत नाही, हे कोणत्याही आजीला माहीत असतं. कोणीतरी उचलावं, छातीशी धरावं, थोपटावं, मग त्याचा श्वास संथ होतो. हे हजारदा झालं की हळूहळू शरीर ते काम स्वतः शिकतं. जिथे उचलणारे हात कधी येतात, कधी येत नाहीत, आणि कधी तेच हात मारतात, तिथे शरीर सतत जागं राहायला शिकतं. जिन्यावरच्या पावलांवरून आज कोणता बाप येतोय हे ओळखायला शिकतं. ती जाग मोठेपणीही झोपत नाही. मग एखाद्या दिवशी बाटली ती झोपवून दाखवते, पहिल्याच झटक्यात.

मेरी एन्सवर्थ यांनी बाल्टिमोरमध्ये वर्षाभराची बाळं आणि त्यांच्या आया यांना एका खोलीत पाहिलं. आई बाहेर जाते, परत येते. आई गेल्यावर बाळ किती रडतं याला त्यांनी फार महत्त्व दिलं नाही. ती परत आल्यावर ते तिच्याजवळ जाऊन निवतं का, हे पाहिलं. पुढे त्यांची विद्यार्थिनी मेरी मेन हिला काही बाळं अशी दिसली की ती आईकडे झेपावतात आणि मध्येच थिजतात. ज्याच्याकडे धावायचं त्याचीच भीती.

हे मी वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पहिल्या वेळी पस्तीस दिवसांनी घरी आलो तेव्हा लेकीसाठी लाल सायकल घेऊन आलो. दारात उभा राहिलो. ती "बाबा" म्हणत धावली आणि निम्म्या खोलीत थांबली. हात पुढे, पाय जमिनीला. मग आईकडे एकदा बघून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाबा, हा कर."

बायको रोज रात्री दारात माझं तोंड हुंगायची ना. तेच ती शिकली होती. मी 'हा' केला. तिनं वास घेतला, आणि मग सायकलकडे गेली.

पुढे सुमारे दोन वर्षं हे चाललं. मध्ये माझी स्लिप झाली तेव्हा घरात सगळ्यात आधी तिनं ओळखलं होतं, बायकोच्याही आधी, आणि कोणाला सांगितलं नव्हतं. चार वर्षांची पोर दहा दिवस बापाचं गुपित सांभाळत होती. मला कावीळ झाली होती त्यापेक्षा मला याचा धसका जास्त आहे.

आता तुम्ही म्हणाल, यात केंद्रानं काय करायचं? बालमानसतज्ज्ञ कुठून आणायचे? अनुदान वेळेवर येत नाही, समुपदेशक दोन आणि पेशंट चाळीस. मी तिथे राहिलोय, मला दिसलंय. म्हणून मी तज्ज्ञ मागत नाही.

हवाईच्या कवाई बेटावर एमी वर्नर यांनी १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, भांडणं, दारुडे किंवा आजारी आईबाप, असं सगळं ज्यांच्या वाट्याला होतं त्यांच्यातलीही तिसऱ्या हिश्शाच्या आसपास मुलं चांगली निघाली. त्यांच्यात सारखं काय होतं? इतर गोष्टींबरोबर हेही, की कोणीतरी एक धड मोठं माणूस लहानपणापासून त्यांच्या वाट्याला आलेलं होतं. आजी, मावशी, शेजारीण, कोणीही.

माझा भाऊ राजापूरला आजीच्या कुशीत वाढला. तेच रक्त. तो पीत नाही. एका घरावरून सिद्धांत मांडू नये हे मला कळतं, आणि गोष्ट इतकी गोडही नाही. तो दहा वर्षांचा होऊन मुंबईला आला तेव्हा आजीला आई म्हणायचा, आणि आईला काका हाक मारायचे तशी 'वहिनी' म्हणायचा. अजूनही म्हणतो. आईनं ते कधी सुधारलं नाही. तेव्हा कोणी कृपा करून असा अर्थ काढू नका की दारुड्याचं पोर उचलून दुसरीकडे ठेवलं की काम झालं.

आणखी एक अर्थ काढू नका, हे तर हात जोडून. हे सगळं शास्त्र आपल्याकडे आलं की त्याचं टोक आपोआप आईकडे वळतं. आईनं लक्ष दिलं नाही, लाड केले, कामाला गेली. माझ्या आईला तिच्या सख्ख्या नणंदेनं हेच ऐकवलं होतं. सहा ते चार धुणीभांडी करणारी बाई संध्याकाळी पोराकडे कोऱ्या चेहऱ्यानं बघते तो तिचा दोष नव्हे. घरातली सगळी माया आणि सगळी सहनशक्ती दारू एका माणसाकडे ओढून घेते आणि मुलाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. बायकांचे गट चालवता तिथे हे वाक्य आधी म्हणा, मग मुलांचा विषय काढा.

मला हवंय ते एवढंच. त्या रकान्यात आकड्याबरोबर वय लिहा. सहाच्या आतलं मूल असेल तर तीन प्रश्न विचारा : रात्री ते कोणाजवळ झोपतं, घाबरलं की कोणाकडे धावतं, आणि वडील दाखल असताना दिवसभर त्याला कोण बघणार. तिसऱ्याचं उत्तर 'कोणी नाही' असेल तर ती नोंद फिट आल्याच्या नोंदीइतकी ठळक करा. दुसऱ्याच्या उत्तरात जे नाव येईल, आजी असो, चाळीतली काकू असो, त्या माणसाला फॅमिली मीटिंगला बोलवा. आज तुम्ही आई, वडील, बायको, मेहुणा बोलावता. ज्याच्याकडे मूल धावतं तो माणूस बऱ्याचदा यादीतच नसतो.

भेटीच्या रविवारी लहान मुलं दारावर थांबवतात, का ते मला ठाऊक आहे. टर्कीतला, म्हणजे दारू तुटल्यानं थरथरणारा माणूस मुलानं बघू नये. पण पोराला 'बाबा कामाला गेलेत' असं सांगायला तरी लावू नका. माझ्या लेकीला तेच सांगितलं होतं. पुढे कित्येक महिने मी खरोखर कामाला निघालो की ती दारात रडायची. 'बाबांना दारूचा आजार आहे, ते बरे व्हायला गेलेत, तुझ्यामुळे झालेलं नाही' हे चार वर्षांच्या मुलाला कळतं. कसं सांगायचं ते बायकांना माहीत नसतं. तुम्हाला माहीत आहे. काही केंद्रांत मुलांसाठी गट भरतात, चित्रं काढायला बसवतात, हे मी ऐकून आहे. ती केंद्रं हे पत्र वाचून हसली तरी चालेल. पण ते त्या त्या ताईंच्या हौसेवर चाललेलं आहे, आणि हौशी ताईंची बदली होते, लग्नं होतात, पगार थकतात.

डिस्चार्जच्या वेळी आम्हा बापांना मायेचं उधाण येतं. सायकली येतात त्या त्यातूनच. त्या वेळी कोणीतरी कान धरून सांगा की पोराला सायकल नको, वेळ हवी. रोज साडेसातला घरी, म्हणजे साडेसातला. रविवारी बागेत नेतो म्हटलं तर रविवारी बागेत, पाऊस असला तर छत्री घेऊन. मला हे माझ्या स्पॉन्सरनं, मीटिंगमधल्या वाट दाखवणाऱ्या जुन्या सोबत्यानं, दुसऱ्या खेपेला सांगितलं. फॉलोअपला तुम्ही विचारता, मीटिंगला जाता का, गोळ्या घेता का. मुलाबरोबर ठरवलेली कोणती गोष्ट या आठवड्यात पाळली, हेही विचारा. नुकतीच दारू सुटलेल्या माणसाला घरात काय करायचं ते उमजत नसतं. हे काम त्यालाही आवडेल.

अंगणवाडीचाही विचार करा. राज्यात एक लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत. तिथे मुलांची वजनं घेतली जातात, उंची मोजली जाते. आमच्या वस्तीतली ताई कोणतं पोर कोपऱ्यात बसतं, कोणाला घ्यायला कोणीच वेळेवर येत नाही, हे तोंडपाठ सांगते. तिच्याकडे ते लिहायला जागा नाही आणि सांगायला माणूस नाही. तुमचा फोन तिला गेला तर? माझ्या मनात एक भीतीही आहे, 'दारुड्याची पोर' हा शिक्का अंगणवाडीपासूनच बसायची. म्हणून आईची परवानगी असेल तरच, आणि कागदावर काही न लिहिता. यावर तुमच्यातल्या अनुभवी लोकांनी भांडून काहीतरी ठरवावं. मला नेमकं उत्तर सापडलेलं नाही.

दिल्लीच्या एम्सनं २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत दारूपायी मदतीची गरज असलेले सुमारे पावणेसहा कोटी लोक निघाले. त्यांच्या घरातली मुलं त्यात मोजलेली नाहीत. मोजायची कोणी, तर ज्यांच्या दारात ती बिस्किटाचा पुडा घेऊन उभी असतात त्यांनी, असं मला वाटतं.

माझ्या दाखल-फॉर्मची झेरॉक्स बायकोनं विम्याच्या फाइलमध्ये जपून ठेवली आहे. कोणाला नवीन नमुना करायचा असेल तर पाठवतो. पुढची बाजू गच्च भरलेली आहे, पण मागची पूर्ण कोरी आहे. तीन प्रश्न सहज बसतील.

आपला,
एक जुना पेशंट, डोंबिवली